निशाणी बांगडी

शकुंतलाबाई बोरकुटे आमच्या कचेरीत पहिल्यांदा आल्या त्या एक दुरुस्ती छापून घेण्यासाठी. रायपूरच्या ज्या हिंदी दैनिकात मी डेस्कवर होतो, त्यात आदल्या रविवारी शहरातल्या जुन्या मराठी घराण्यांवर लेख आला होता. तात्यापाऱ्यातल्या बोरकुट्यांबद्दल त्यात एकच वाक्य होते. या घराण्यातील सोमा नावाच्या क्रांतिवीराला इंग्रजांनी काळ्या पाण्याची शिक्षा दिली होती, असे ते वाक्य. बाईंनी ते लाल पेन्सिलीने अधोरेखित करून आणले होते.

"क्रांतिवीर काढा," त्या म्हणाल्या. "त्यानं तलावाच्या पाण्यावरून चुलतभावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. निकालाची नक्कल आहे माझ्यापाशी."

घरातल्या माणसाचे नाव गुन्ह्याच्या बातमीतून वगळा, असे सांगणारे लोक आमच्याकडे रोज येत. घरातल्या माणसाच्या नावावर खून घाला म्हणणाऱ्या या पहिल्याच. संपादकांनी सांगितले की दुसऱ्या कोणाची तक्रार नाही, तर विषय कशाला वाढवायचा. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. एक वाजून दहा मिनिटांनी त्यांनी डबा उघडला, दीड वाजता बंद केला, आणि चार वाजेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली गेली. तिसऱ्या दिवशी त्यांचे थोरले दीर मनोहरराव आले. ते उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले होते आणि कचेरीतही मशीनच्या आवाजावर मात करायची असल्यासारखे बोलत होते. "वसंताच्या बायकोनं घराण्याचं नाव मातीत घातलं," ते म्हणाले, "अन् तुम्ही ते छापून राहिले?" त्यांना दुरुस्तीची दुरुस्ती हवी होती. ती मिळाली नाही. माझी आणि बाईंची ओळख मात्र त्या प्रकरणाने पक्की झाली.

सोमा हा बाईंच्या नवऱ्याचा खापरपणजोबा. भंडाऱ्याकडच्या तलावांच्या मुलखातला. जन्मठेप होऊन अंदमानला गेला तो परतला नाही. त्याच्या एकुलत्या एक मुलाचा वंश पुढे रेल्वेच्या नोकऱ्यांमागे रायपूरला आला. शकुंतलाबाई स्वतः वर्ध्याच्या, लग्न होऊन या घरात आलेल्या. रक्ताच्या माणसांपैकी कोणालाही सोमाचा एखादा कागद पाहावा असे कधी वाटले नव्हते.

रेल्वेच्या कार्मिक शाखेत बाईंनी छत्तीस वर्षे सर्व्हिस बुके सांभाळली. नेमणूक, बदली, बढती, शिक्षा, वारस. माणूस कचेरीत येतो तेव्हापासून मरतो तोपर्यंत जे काही घडते, ते त्यांच्या हातून नोंदले जाई. निवृत्त झाल्यावर त्यांनी सोमाचे काम हाती घेतले आणि ते त्याच शिस्तीत चालवले. त्याच्या नावाची फाइल उघडली, डावीकडे पत्रव्यवहार, उजवीकडे टिपणे. बोलणेही त्याच भाषेत. सोमाला शिक्षा झाली असे त्या म्हणत नसत. त्याची बदली झाली, असे म्हणत. नागपूरचा तुरुंग ही पहिली पोस्टिंग. काही वर्षांनी बेड्या काढून त्याला तिकडे कसायला जमीन मिळाली, ती बढती. वसंतराव, म्हणजे त्यांचे यजमान, रेल्वेतले निवृत्त गार्ड. संध्याकाळी चहा ठेवता ठेवता ते विचारत, "काय म्हणते सोमा आज?"

"टाळून राहिला मले," बाई म्हणत.

नावावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्या शाखेत एके काळी नऊ रामलाल होते आणि एकाची शिक्षा दुसऱ्याच्या पुस्तकात चढता चढता राहिली होती. "नाव कोणाचंही असते," त्या सांगत, "खूण पाह्य." पोर्ट ब्लेअरला त्यांनी पत्र टाकले, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी स्मरणपत्र पाठवले. शेवटी कैद्यांच्या नोंदवहीच्या नकला आल्या. त्यात एकाच भागातले दोन सोमा निघाले. बाईंनी निकालपत्र पुढे घेतले. त्यात आरोपीच्या उजव्या दंडावर भाजल्याचा डाग असल्याचे लिहिले होते. नोंदवहीतल्या दुसऱ्या सोमाच्या दंडावर तो डाग होता. पहिला सोमा त्यांनी त्याच दिवशी फाइलीतून काढून टाकला.

पण ही सगळी खटपट सोमासाठी नव्हती. ती त्याची बायको सगुणा हिच्यासाठी होती, आणि बोरकुट्यांच्या दारात विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नासाठी.

बोरकुट्यांकडे नवी सून माप ओलांडण्याआधी घरातला वडील पुरुष उंबऱ्याच्या आत वाट अडवून उभा राहतो आणि तिला तीनदा विचारतो, "बोलावलं तर येशील?" तिने तीनदा "येईन" म्हणायचे. मग वाट मोकळी होते. यामागची हकीकत घरातल्या सगळ्यांना पाठ होती. सोमाने तिकडून सगुणेला बोलावले होते. कैद्याची बायको स्वखुशीने तयार असेल तर सरकार तिला नेऊन सोडत असे. सगुणा गेली नाही. नवरा परमुलखात एकटा मेला. तेव्हापासून बोरकुटे सुनेकडून आधीच कबुली घेऊन ठेवतात. सगुणेच्या माहेरच्या गावची मुलगी करायची नाही, हाही नियम तेव्हापासूनचा. त्यामुळे त्या गावाचे नाव लहान पोरांनाही ठाऊक होते.

शकुंतलाबाई लग्नाआधीच रेल्वेत लागल्या होत्या. त्यांनीही दारात तीनदा "येईन" म्हटले. काही वर्षांनी वसंतरावांची डोंगरगडला बदली झाली. बाईंची बढतीची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. सासऱ्यांनी त्यांना बोलावून एवढेच विचारले की दारात काय बोलली होती. बाई बिनपगारी रजा टाकून डोंगरगडला गेल्या. दोन वर्षांनी परत आल्या तेव्हा ज्या मुलींना त्यांनी काम शिकवले होते, त्या वरच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितले, गोल बाजारात ई-रिक्षा अडकून पडली असताना. "यांचा दोष नाही त्यात," त्या म्हणाल्या. "यांनी बोलावलंच नव्हतं." मग रिक्षावाल्याला त्यांनी डावीकडची गल्ली दाखवली.

त्यांच्या मुलाचे, निखिलचे लग्न ठरले तेव्हा दारात उभे राहण्याचा मान मनोहररावांचा होता. मुलगी रायपूरचीच, मराठी घरातली, नव्या रायपुरातल्या एका कचेरीत नोकरी करणारी. बाईंनी दिरांना सरळ सांगितले, माझ्या सुनेला हे विचारू नका. मनोहरराव म्हणाले, चार पिढ्यांनी विचारलं, मी काहून सोडू? बराच वेळ वाद झाला. शेवटी त्यांनी अट घातली. सगुणा येत नाही म्हणाली, हे खोटे असल्याचा कागद दाखव. मी दारातून बाजूला होतो. लग्नाला सहा महिने होते.

तोवर फाइलीत जे होते, ते मनोहररावांच्याच बाजूचे होते. पोर्ट ब्लेअरहून आलेल्या कागदांत सोमाचा अर्ज होता. बायकोला पाठवावे, जमीन आहे, झोपडी बांधली आहे. त्याच्या मागे गावच्या पाटलाचा अहवाल होता. बायको येण्यास नाखूश आहे. खाली पाटलाची सही आणि सोमाच्या बापाची निशाणी. त्याखाली शेरा, कैद्यास कळविण्यात आले. आणि तिथे सोमाची निशाणी.

त्या काळी सही न येणारा शेतकरी कागदावर नांगराचे चित्र काढी, नाहीतर कारकून ते काढून त्याचा हात लावून घेई. बाईमाणसाची निशाणी बांगडीची, म्हणजे एक वर्तुळ. अहवालावर बापाचा नांगर होता, सोमाचाही नांगर होता. बाईंनी तो कागद दिरांपुढे ठेवला.

"यात बांगडी कुठं आहे?"

"नकार तर आहे ना," मनोहरराव म्हणाले.

"हा सासऱ्याचा नकार आहे. आमच्याकडं माणसानं सोता लिहून दिल्याशिवाय नकार धरत नव्हते. बढती नाही पाह्यजे म्हणाले तरी त्याची सही लागे."

मनोहररावांनी विचारले, त्या वेळी रेल्वेचे नियम होते काय? वसंतराव हसले. बाई हसल्या नाहीत.

त्याआधी तीन वर्षे त्या नागपूरला खेटे घालत होत्या. सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळच्या गाडीने परत यायचे. सोमाच्या नावाने, त्याच्या बापाच्या नावाने, सासरच्या गावाच्या नावाने त्यांनी जुने बस्ते, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, उपसले. बांगडी कुठेच नव्हती. आता सहा महिन्यांतले चार गेले. मनोहररावांनी पत्रिकेचा मजकूर ठरवायला सगळ्यांना बोलावले, आणि जाता जाता विचारले की काय म्हणते तुमची सगुणाबाई. दुसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा नागपूरला जाऊन आल्या.

चूक कुठे झाली ते त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरात कळले. श्रुती, होणारी सून, लग्नाच्या नोंदणीचा फॉर्म घेऊन आली होती. मराठी तिला सगळी समजे, उत्तर मात्र हिंदीत येई. बाई एकेक रकाना तिच्याकडून भरून घेत होत्या. लग्नानंतरच्या नावाचा रकाना आला तेव्हा श्रुती म्हणाली, "आई, नाम तो मैं पापा का ही रखूँगी. मेरे सारे कागज़ उसी नाम से हैं. मुझे कोई ढूँढेगा तो वहीं ढूँढेगा ना."

बाईंनी पेन खाली ठेवले. श्रुतीला वाटले, सासू रागावली. ती समजावू लागली. बाई उठून वसंतरावांकडे गेल्या.

"मी तिले सासरी शोधून राहिले," त्या म्हणाल्या. "ती माहेरी असन."

सोमाची बदली झाल्यावर घरच्यांनी तो मेला असे धरून त्याचे दिवस घातले होते, हे कुटुंबात सगळ्यांना माहीत होते. काळे पाणी ओलांडलेला माणूस जिवंत असला तरी जातीला मेलेलाच. तेव्हा सगुणेच्या बांगड्या फुटल्या. विधवा झालेली तरुण सून सासरी राहिली असेल, असे बाईंनी गृहीत धरले होते. छत्तीस वर्षे त्यांनी बायकांचे कागद नवऱ्याच्या नावाखाली लावले होते. इथेही तेच केले. माहेरच्या गावाचे नाव घरातल्या प्रत्येकाला पाठ होते आणि तिथे पाहावे हे एकालाही सुचले नव्हते. ते गाव सीमेच्या अलीकडे, छत्तीसगडच्या बाजूला होते. त्या भागाचे जुने कागद रायपुरातच, तात्यापाऱ्यापासून पायी अर्ध्या तासावरच्या एका सरकारी इमारतीत होते.

तिथल्या रेकॉर्ड रूमची परवानगी मिळवायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. कपाटे सांभाळणारे साहू म्हणून एक गृहस्थ होते. त्यांनी रजिस्टर न उघडताच सांगितले, "दीदी, वो फाइल नहीं है."

"नहीं है मत बोलो, भैया," बाई म्हणाल्या. "मिली नहीं, ये बोलो. नहीं है, ये तो सब देखने के बाद बोलते हैं."

साहूंनी माझ्याकडे पाहिले. बाईंनी पिशवीतून धूळ पुसायचे फडके काढले, डोक्याला दुसरे बांधले आणि पहिल्या कपाटापासून सुरुवात केली. पेन बाहेरच ठेवले होते. आत पेन्सिलीखेरीज काही नेत नसत. रोज साडेदहाला येत, एक दहाला डबा खात, पाचला जात. आठवडाभराने साहू त्यांच्यासाठी खुर्ची पुसून ठेवू लागले. दुसऱ्या आठवड्यात ते स्वतः शिडीवर चढून वरचे बस्ते काढून देऊ लागले, आणि खाली उतरताना स्वतःच म्हणू लागले, "मिली नहीं."

सतराव्या दिवशी मला फोन आला. या, एवढेच बाई म्हणाल्या.

कागद लाल कापडात बांधलेल्या गावच्या बस्त्यात होता. वर सोमाचे नाव नव्हते. गोविंदाची मुलगी सगुणा, एवढेच. दोन पाने. पहिले कोणा मुनशीने हिंदीत लिहिलेले तिचे बयान. बाईंनी ते कागदाला बोट न लावता, एकेक शब्द थांबून वाचले. मेरा आदमी जिंदा है. वो बुलाता है तो जाऊँगी. मेरा लड़का ससुर के पास है. लड़का दिला दिया जाए, मैं दूसरे दिन निकलूँगी. खाली एक वर्तुळ, एका बाजूला दबलेले.

दुसऱ्या पानावर सासऱ्याचा जबाब. लड़का हमारे घर का है, नहीं देंगे. खाली नांगर. त्याखाली इंग्रजीत दोन ओळी. अट पुरी होऊ शकत नाही, पुढील कारवाईची गरज नाही. कागद पोर्ट ब्लेअरला पाठवल्याची नोंद कुठेही नव्हती. पाटलाचा नकार तोपर्यंत तिकडे पोचलेला होता.

बांगड्या फोडलेल्या बाईच्या नावापुढे बांगडी मुनशीने रिवाज म्हणून काढली की तिने सांगून काढवली, हे कागदावरून कळत नाही.

साहू शिडीला टेकून उभे होते. "तो दीदी, वो बोली थी आने को?"

"हव," बाई साहूंच्या बोलीत म्हणाल्या. मग फडके घडी करून त्यांनी पिशवीत ठेवले आणि प्रमाणित नकलेचा अर्ज लिहायला बाहेर गेल्या. पेन बाहेर होते.

मनोहररावांनी नक्कल पाहिली त्या दिवशी मी तिथे होतो. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पाने वाचली, पुन्हा पहिले वाचले. आवाज त्यांचा नेहमीसारखा नव्हता.

"हा लडका म्हणजे आपले पणजोबा."

"हाव."

"दिला असता, तर आपण कोणी इथं नसतो. तिकडं कुठं असतो, नाहीतर नसतोच."

"नसतो," बाई म्हणाल्या. "पण मग तिले खोटं पाडावं लागलं नसतं."

मनोहररावांनी कागद घडी न करता टेबलावर ठेवला. सोमाच्या बापाने नातू दिला नाही, हे त्यांना चुकीचे वाटत नव्हते. तसे ते म्हणालेही. घरात एकच पोरगा उरला होता, तो तरी कोण देईल? बाईंनी यावर वाद घातला नाही. दिला नाही तर नाही म्हणून सांगायचं होतं, एवढेच त्या म्हणाल्या. ती नाही म्हणाली असं काहून सांगितलं? मनोहरराव उठून घरी गेले. आपण दारातून बाजूला होऊ की नाही, हे त्यांनी सांगितले नाही, आणि बाईंनी विचारले नाही.

लग्नाच्या दिवशी वरात घरी आली तेव्हा मनोहरराव फेटा बांधून उंबऱ्याच्या आत उभे होते. माप ठेवलेले होते. श्रुतीला प्रश्न ठाऊक होता. ती निखिलकडे पाहत होती. शकुंतलाबाई ओवाळणीचे ताट धरून दाराच्या एका बाजूला होत्या. त्यांनी दिरांकडे पाहिले नाही. ताटातली वात विझली होती, ती त्यांनी पुन्हा लावली.

मनोहरराव दोन पावले मागे सरून भिंतीशी गेले.

"आत ये, पोरी."

मागून त्यांच्या एका बहिणीने आठवण केली. "दादा, विचाराचं राह्यलं ना."

"उत्तर आलं तिचं," मनोहरराव म्हणाले.

श्रुतीने हळूच निखिलला विचारले, "किसका?" बाईंनी तिला माप ओलांडायला सांगितले. तांदूळ दारात पसरले.

त्यानंतर मी बाईंना पाहिले ते पंधरा दिवसांनी, पोस्टात. स्पीड पोस्टच्या रांगेत त्या माझ्या अगदी पुढे होत्या. हातात जाड पाकीट होते. पत्ता पोर्ट ब्लेअरचा. मला वाटले, आभाराचे पत्र असेल. त्या म्हणाल्या की सगुणेच्या बयानाची प्रमाणित नक्कल आहे. सोमाच्या कागदांत, जिथे कैद्यास कळविण्यात आले असा शेरा आहे, त्या पानामागे ती लावावी अशी विनंती केली आहे.

"लावतील ते?" मी विचारले.

"नाही लावलं तर स्मरणपत्र देईन. त्याले अजून चुकीचंच कळवलेलं आहे."

त्यांची पाळी आली. खिडकीतल्या तरुण कारकुनाने पाकीट काट्यावर ठेवले आणि संगणकावर नोंद करू लागला. घेणाऱ्याचा पत्ता झाला. पाठवणाऱ्याच्या जागी बाईंनी आपल्या बारीक, सरळ अक्षरात लिहिले होते : सगुणा गोविंदा, मार्फत शकुंतला बोरकुटे, तात्यापारा, रायपूर. त्याने ते वाचून मान वर न करता विचारले, "सगुणा जी का मोबाइल नंबर?"

बाईंनी आपला नंबर सांगितला.